गुडघ्यावरचे तारे आणि पेट्रोलवरचा कर

निकोलाय नुसत्या चड्डीवर आहे. समोर बसलेली वयस्कर मंडळी त्याचं अंग निरखून बघतायत. कुठे तुरुंगात होता, कशासाठी होता, तिथे कसा वागला, हे त्यांना विचारावं लागत नाही. कातडीवर गोंदलेलं आहे. विचारतात ते आईबापाबद्दल. निकोलाय दोघांनाही तुच्छतेने नाकारतो. उत्तर पसंत पडतं, आणि त्याच्या छातीवर आणि गुडघ्यांवर तारे गोंदले जातात.

‘ईस्टर्न प्रॉमिसेस’ हा डेव्हिड क्रोनेनबर्गचा २००७ सालचा सिनेमा. कथा लंडनमध्ये घडते. तात्याना नावाची १४ वर्षांची रशियन मुलगी बाळंतपणात दगावते. मागे उरतं बाळ आणि रशियनमध्ये लिहिलेली एक डायरी. प्रसूती विभागात काम करणारी ॲना डायरीतल्या एका कार्डाचा माग काढत ‘ट्रान्स-सायबेरियन’ नावाच्या रेस्टॉरंटात पोचते. मालक सेम्योन हा स्वतः बोर्श हे बीटाचं सूप रांधणारा, आजोबांसारखा प्रेमळ वाटणारा म्हातारा. तोच रशियन माफियाच्या टोळीचा म्होरक्या. त्याचा वाया गेलेला मुलगा किरील, आणि त्यांची गाडी चालवणारा, पडेल ते घाणेरडं काम निमूटपणे उरकणारा निकोलाय. व्हिगो मॉर्टेनसनला या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, सिनेमाला टोरोंटोच्या महोत्सवात प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार.

सिनेमा संपल्यावर बहुतेकांच्या मनात तेच प्रश्न येतात. ही तारे गोंदायची भानगड खरी आहे का? आणि हे लोक रशिया सोडून लंडनमध्ये काय करतायत? माझं मत आधीच सांगून ठेवते: गोंदणाच्या बाबतीत सिनेमा पक्का आहे, पैशाच्या बाबतीत जवळजवळ मुका. सिनेमा पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या, कारण पुढे त्याची सगळी रहस्यं फुटणार आहेत.

छावणीत घडलेले चोर

या लोकांना रशियनमध्ये ‘वोर व झाकोने’ म्हणतात. कायदा पाळणारा चोर. अर्थात कायदा सरकारचा नव्हे, त्यांचा स्वतःचा. आपण सोयीसाठी नुसतं ‘वोर’ म्हणू, अनेकवचन ‘वोरी’.

ही संस्था कुठल्या गल्लीत किंवा बंदरावर नाही, तुरुंगात घडली. १९२०च्या दशकाचा शेवट आणि १९३०चं दशक. स्टालिनच्या श्रमछावण्यांत लाखो माणसं कोंबली जात होती. शेतकरी, शिक्षक, पक्षातले नावडते कार्यकर्ते आणि त्यांच्याच जोडीला मुरलेले चोर. छावणीच्या अधिकाऱ्यांना राजकीय कैद्यांवर वचक ठेवायचा होता, आणि तो ठेवायला चोर आयते हाताशी होते. त्यामुळे चोरांना मोकळीक मिळाली. झाडं दुसऱ्यांनी तोडायची, तोडलेल्या लाकडाचा हिशेब चोरांच्या नावावर लागायचा.

या मोकळीकीतून त्यांचा एक कडक रिवाज उभा राहिला. वोराने सरकारची कुठलीही चाकरी करायची नाही, सैन्यातही जायचं नाही. नोकरीधंदा करायचा नाही. लग्न करायचं नाही, जन्माच्या घराशी नातं ठेवायचं नाही. पोलिसांत साक्ष द्यायची नाही. जुगारातली देणी बुडवायची नाहीत. निकोलाय आईबापाला का नाकारतो, ते इथे कळतं. तो उर्मटपणा करत नाहीये, परीक्षेत अपेक्षित असलेलं उत्तर देतोय.

वोर म्हणजे हाताखाली फौज असलेला डॉन, अशी आपली समजूत असते. पण मुळात वोर हा मांडवली करणारा माणूस. दोन टोळ्यांत, दोन कैद्यांत वाद झाला की निवाडा त्याने द्यायचा. दुसरं काम तिजोरीचं. सगळ्यांच्या कमाईतून ‘ओबश्चाक’ नावाचा सामायिक फंड जमतो. त्यातून तुरुंगातल्यांना चहा-तंबाखू जायची, पहारेकऱ्यांना लाच जायची, सुटून आलेल्याला चार पैसे मिळायचे. हा फंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या शब्दाला वजन. नवा वोर करायचा तर जुन्या वोरांनी त्याची शिफारस करायची, बैठकीत मान्यता घ्यायची आणि ती बातमी चोरट्या चिठ्ठ्यांनी तुरुंगातुरुंगांत कळवायची. एका वोराला मारायचं असेल तरी दुसऱ्या वोरांच्या बैठकीची परवानगी हवी. सिनेमाच्या सुरुवातीला न्हाव्याच्या दुकानात जो गळा चिरला जातो, तो खून किरीलने अशी परवानगी न घेता घडवून आणलेला असतो. पुढचं सगळं महाभारत त्यातूनच घडतं.

मग दुसरं महायुद्ध आलं. आघाडीवर लढायला तयार असलेल्या कैद्यांना सरकारने सोडलं, आणि त्यांत काही वोरीही गेले. युद्ध संपल्यावर यातले बरेचजण नव्या गुन्ह्यांखाली पुन्हा छावणीत आले, तेव्हा जुन्या वोरींनी त्यांना दारात उभं केलं नाही. तू सरकारची वर्दी घातलीस, तू आमच्यातला राहिला नाहीस. या परतलेल्यांना ‘सूका’, म्हणजे कुत्री, अशी शिवी पडली. १९४०च्या दशकाच्या अखेरीपासून १९५३ मध्ये स्टालिन मरेपर्यंत दोन्ही गटांनी एकमेकांना छावण्याछावण्यांत भोसकलं. अधिकाऱ्यांनी ‘कुत्र्यां’ची बाजू घेतली, चोर परस्पर संपत असतील तर त्यांना हवंच होतं.

या लढाईतून जुना रिवाज वाचला, पण सैल होऊन. फायदा असेल तर अधिकाऱ्याशी बोलायला, देवाणघेवाण करायला हरकत नाही, असं हळूहळू चालायला लागलं. पुढे ब्रेझनेव्ह सोव्हिएत संघाचा प्रमुख असताना काळाबाजार फोफावला. सरकारी कारखान्यांच्या आडून बेहिशेबी माल काढणारे उद्योजक, त्यांना सांभाळणारे पक्षाचे अधिकारी आणि दोघांकडून हिस्सा घेणारे वोरी अशी साखळी तेव्हा जुळली. पुढे जे परदेशात गेलं, त्याचं मूळ मला छावणीतल्या कडक रिवाजापेक्षा या साखळीत जास्त दिसतं.

गोंदण: सिनेमाची सगळ्यात भक्कम बाजू

लेनिनग्राडच्या क्रेस्ती तुरुंगात डान्झिग बाल्दाएव नावाचा एक पहारेकरी होता. वडील मानववंशशास्त्राचे अभ्यासक. त्यांना ‘जनतेचा शत्रू’ ठरवलं गेलं आणि पोरगं अनाथालयात वाढलं. १९४८ मध्ये तुरुंगाच्या नोकरीला लागल्यावर तो कैद्यांच्या अंगावरचं गोंदण कागदावर उतरवून घ्यायला लागला, प्रत्येक चिन्हाच्या अर्थासकट. अशी ३,००० पेक्षा जास्त चित्रं त्याने काढली. केजीबीला पत्ता लागला तेव्हा त्यांनी हे काम बंद पाडलं नाही. कैद्याच्या अंगावर त्याचा इतिहास लिहिलेला असेल, तर तो वाचता येणं पोलिसांच्या फायद्याचंच होतं. बाल्दाएवच्या चित्रांची पुस्तकं आणि रशियन तुरुंगांतल्या गोंदणावरचा २००० सालचा एक माहितीपट मॉर्टेनसनने शोधून क्रोनेनबर्गला दाखवला. त्यानंतर सिनेमात गोंदणाला एवढं महत्त्व आलं.

वाचायचं कसं, त्याची ही थोडी ओळख. छातीवर किंवा पाठीवर चर्च असेल तर त्याचे घुमट मोजायचे; जितके घुमट, तितक्या वेळा शिक्षा. गळ्याच्या हाडाखाली आठ टोकांचे तारे म्हणजे माणूस वरच्या पायरीवरचा. गुडघ्यावरचे तारे सांगतात की मी कुणापुढे गुडघे टेकत नाही. खांद्यांवर सैन्यातल्यासारखे बिल्ले गोंदलेले असतील तर तो सैन्याबद्दलचा आदर नाही, उलट वर्दीची थट्टा. बोटांवरच्या अंगठ्या म्हणजे वेगवेगळ्या खटल्यांच्या नोंदी. काही गोंदणं बळजबरीनेही केली जात. ती ज्याच्या अंगावर, त्याची तुरुंगातली जागा सगळ्यात खाली, आणि ती जन्मभर पुसता येत नसे.

हे सगळं व्हायचं ते गिटारची तार घासून केलेल्या सुईने, इलेक्ट्रिक दाढीच्या मशीनच्या मोटरवर. शाई म्हणजे बुटाची टाच जाळून धरलेली काजळी, आणि ती कालवायला लघवी. जंतुसंसर्ग तर ठरलेलाच.

कमावलेलं नसताना एखादं चिन्ह कुणी मिरवलं तर त्याला एकच प्रश्न विचारला जायचा: अंगावर जे आहे, त्याला जबाबदार आहेस का? उत्तर पटलं नाही तर हातात काच किंवा वीट दिली जाई, ते चिन्ह स्वतःच खरवडून काढायला.

आता सिनेमाकडे परत या. सेम्योन निकोलायला तारे का देतो? किरीलने करवलेल्या खुनाचा सूड घ्यायला दोन चेचेन मारेकरी लंडनमध्ये आलेत. किरील दिसतो कसा, हे त्यांना ठाऊक नाही. सेम्योनला पोरगा वाचवायचाय. तो निकोलायला वोर करतो, त्याच्या अंगावर तारे चढवतो आणि किरील म्हणून हमामात पाठवून देतो. ज्या खुणेवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा, तिच्याच जोरावर म्हातारा आपल्या माणसाला बळी देतो. पुढची हमामातली नागड्या अंगाची, वाकड्या पात्यांच्या चाकूंनी केलेली मारामारी सगळ्यांच्या लक्षात राहते. माझ्या मते तिच्याआधीचा हा डाव जास्त क्रूर आहे.

आणि डावाच्या आत आणखी एक डाव आहे. निकोलाय हा मुळात रशियाच्या एफएसबी या गुप्तचर संस्थेचा माणूस, ब्रिटिशांच्या संमतीने टोळीत पेरलेला. म्हणजे त्या तपासणाऱ्या म्हाताऱ्यांनी जे अंग वाचून मान डोलावली, ते मुळातच बनावट होतं.

छप्पर कुणाचं?

प्रत्यक्षातही गोंदणाची किंमत उतरत गेलीच. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. खासगी मालमत्ता आली, दुकानं आली, बँका आल्या. त्यांचं रक्षण करणारी यंत्रणा आली नाही. समजा तुम्ही मॉस्कोत तेव्हा दुकान टाकलंत आणि घाऊक व्यापाऱ्याने पैसे घेऊन माल पाठवलाच नाही. न्यायालयात जाऊन काही वर्षांनी निकाल मिळेल, तो बजावणार कोण? म्हणून तुम्हाला ‘क्रिशा’ लागायची, म्हणजे डोक्यावर छप्पर. ठरावीक हिस्सा एका टोळीला द्यायचा. बुडवणाऱ्याशी मग ती टोळी बोलेल. समोरच्याचीही क्रिशा असायची. दोन्हीकडची माणसं भेटून तोडगा काढायची, नाहीतर गोळ्या चालायच्या.

नुसती खंडणी म्हटलं तर यातलं अर्धंच कळतं. दुकानदार भीतीने पैसे द्यायचा हे खरं, पण बदल्यात त्याला काहीतरी मिळतही होतं, आणि ते द्यायचं काम खरं म्हणजे सरकारचं होतं. हे ज्यांच्या पहिल्यांदा ध्यानात आलं ते पोलीस आणि सुरक्षायंत्रणांतले अधिकारी. दशक संपेपर्यंत त्यांनी हा धंदा टोळ्यांच्या हातून बराचसा काढून घेतला. त्यांच्या संरक्षणाला ‘लाल छप्पर’ असं नाव पडलं. टोळीच्या गादीवर शेवटी सरकारी माणूस बसतो, हा सिनेमाचा शेवट त्यामुळे वाटतो तितका ओढूनताणून आणलेला नाही.

याच काळात वोर ही पदवी विकायलाही निघाली. तुरुंगाचं तोंड न पाहिलेले, पैसे मोजून वोर झालेले लोक दिसायला लागले. जुने त्यांना ‘संत्री’ म्हणून हिणवायचे. पण पैसे त्यांच्याकडे होते.

परदेशात नेमकं काय चालतं?

‘रशियन’ हा शब्द इथे ढिलाच घ्यायला हवा. वोरींत जॉर्जियन लोकांचं प्रमाण पूर्वीपासून मोठं. २०१३ मध्ये मॉस्कोत लपून बसलेल्या नेमबाजाने टिपलेला अस्लान उसोयान ऊर्फ ‘खसान आजोबा’ हा जॉर्जियातल्या तिबिलिसीत जन्मलेला यझिदी कुर्द. एफबीआयच्या पहिल्या दहा फरारींत राहिलेला सेम्योन मोगिलेविच कीव्हचा. गोव्यात मोरजीच्या किनाऱ्यावर रशियन लिपीतल्या पाट्या आणि मेन्यूकार्डं दिसायला लागली, तेव्हा आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही ‘रशियन माफिया’ हा शब्द सढळ हाताने वापरला गेला. रशियन बोलणाऱ्यांची वस्ती आणि माफिया या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं भान ठेवून पुढे वाचा.

न्यूयॉर्कच्या ब्रायटन बीच भागात १९७०च्या दशकात सोव्हिएत संघातून निघालेले हजारो ज्यू येऊन राहिले. बहुतेक साधी माणसं. त्यांच्यात एवसेई ॲग्रोनसारखे काही गुन्हेगारही आले. ॲग्रोन गुरं हाकायची विजेची काठी घेऊन आपल्याच वस्तीतल्या दुकानदारांकडून वसुली करत फिरायचा. १९८५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. त्याच्यानंतर मारात बालागुलाचा काळ आला. त्याला कळलं होतं की पैसा दुकानदाराला धमकावण्यात नाही, कागदात आहे.

ती युक्ती अशी. न्यूयॉर्क राज्यात तेव्हा पेट्रोलवरचा कर पंपावर नव्हे, घाऊक विक्रीच्या पातळीवर वसूल व्हायचा. केंद्राचा, राज्याचा आणि स्थानिक मिळून गॅलनमागे पाव डॉलरच्या आसपास. परवानाधारक घाऊक व्यापाऱ्यांनी एकमेकांना माल विकला तर कर नाही. शेवटी जो पंपाला विकेल त्याने तो भरायचा. आता पाच कंपन्या काढा. पहिली दुसरीला विकते, दुसरी तिसरीला. टँकर जागचा हलतही नाही, फक्त पावत्या फिरतात. चौथी कंपनी ‘कर भरला’ असा शिक्का मारून पाचवीला विकते, आणि पाचवी पंपाला, बाजारभावापेक्षा थोडं स्वस्त. काही महिन्यांनी कर खात्याचा माणूस चौथीचा पत्ता शोधत जातो तेव्हा तिथे टपालाची एक पेटी असते, आणि कंपनीचा मालक म्हणून सही केलेला इसम देश सोडून गेलेला किंवा कधी नव्हताच.

गिऱ्हाईक खूश, पंपवाला खूश, कुणाच्या नाकाला ठोसा नाही. सरकारचे कोट्यवधी डॉलर बुडाले. एवढा पैसा दिसल्यावर न्यूयॉर्कच्या इटालियन माफिया घराण्यांनी गॅलनमागे आपला हिस्सा लावून घेतला. रशियन भाषिकांनी तो देऊनही टाकला. भांडण परवडलं नसतं. बालागुला पळाला, १९८९ मध्ये फ्रँकफर्टला सापडला आणि त्याला शिक्षा झाली.

याउलट व्याचेस्लाव इव्हान्कोव. टोपणनाव ‘यापोनचिक’, म्हणजे छोटा जपानी. हा जुन्या वळणाचा खरा वोर, रीतसर निवडलेला, तुरुंगात वर्षं काढलेला. १९९२ मध्ये अमेरिकेत आला. त्याने काय केलं? रशियन स्थलांतरितांच्या एका गुंतवणूक कंपनीच्या दोन मालकांना धमकावून लाखो डॉलर मागितले. ते एफबीआयकडे गेले, आणि जून १९९५ मध्ये यापोनचिक ब्रुकलिनमध्ये पकडला गेला. पुढे २००४ मध्ये रशियात परत धाडला, २००९ मध्ये मॉस्कोत एका रेस्टॉरंटबाहेर गोळी लागून काही आठवड्यांनी मेला. जुन्या पद्धतीची दहशत परदेशात फार काळ चालत नाही, याचं हे नमुनेदार उदाहरण. तिथे पोलीस ऐकून घेतात, आणि तक्रार करणाऱ्यालाही ते माहीत असतं.

मग लंडन कशासाठी? पैसे ठेवायला. सिनेमात सेम्योनचं साम्राज्य म्हणजे एक रेस्टॉरंट, फसवून आणलेल्या मुली आणि दारूच्या पेट्या. मुलींची तस्करी खरी आणि भयंकर आहे, तिच्याबद्दल सिनेमा हात राखून बोलत नाही. पण लंडनचा मोठा उपयोग वेगळाच होता. तिथे किरकोळ शुल्कात कागदी कंपनी काढता यायची, खरा मालक झाकून ठेवता यायचा, आणि घर विकत घेताना पैसे आले कुठून हे फारसं कुणी विचारत नसे.

२०१० ते २०१४ या काळात रशियातून मोल्दोव्हामार्गे २० अब्ज डॉलरहून जास्त पैसा बाहेर गेला. त्याची रीत बघा. ब्रिटनमध्ये नोंदलेली एक कागदी कंपनी दुसऱ्या कागदी कंपनीला मोठं ‘कर्ज’ देते. प्रत्यक्षात दमडीही दिलेली नसते. कर्जाला जामीन राहते एक रशियन कंपनी, आणि सोबत मोल्दोव्हाचा कुणी सामान्य नागरिक. कर्ज अर्थातच बुडतं. जामीनदारांत मोल्दोव्हाचा माणूस असल्यामुळे दावा तिथल्या न्यायालयात लावता येतो, आणि तिथला लाच खाल्लेला न्यायाधीश निकाल देतो की रशियन कंपनीने पैसे भरावेत. झालं. रशियातून रक्कम निघते ती ‘न्यायालयाच्या आदेशाने’. पुढे ती लाटव्हियाच्या बँकेत, म्हणजे युरोपीय संघात, आणि तिथून जगभर. हा सगळा पैसा वोरींचा नव्हता. त्यात उद्योजक होते, अधिकारी होते, करचुकवे होते. ज्या नळातून हे सगळे पाणी भरतात, तिथे गुन्हेगारही भरणारच.

असं दृश्य सिनेमात दाखवणार तरी कसं? खोट्या कर्जाच्या करारावर सही होते यात बघण्यासारखं काही नाही. क्रोनेनबर्गने चाकू निवडला ते मी समजू शकते. गंमत म्हणजे सिनेमात एकही बंदूक नाही, आणि यापोनचिक, उसोयान, ॲग्रोन तिघेही गोळीनेच गेले.

धरायचं कसं?

सेम्योनला शेवटी टोळी चालवल्याबद्दल धरत नाहीत. तात्यानाच्या बाळाचा बाप तोच, हे डीएनएवरून सिद्ध करून अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराच्या कलमाखाली अडकवायचं ठरतं. हे अगदी वास्तवाला धरून आहे. वोर स्वतः काही करत नाही, तो फक्त निवाडे देतो. निवाडा देण्याला कलम कुठलं लावणार?

जॉर्जियाने यावर २००५ च्या डिसेंबरमध्ये वेगळा इलाज काढला. इटलीच्या माफियाविरोधी कायद्यावरून स्फूर्ती घेऊन त्यांनी वोर ‘असणं’ हाच गुन्हा ठरवला. वोरींच्या रिवाजात आपली पदवी नाकारायला सक्त मनाई आहे. त्यामुळे पोलीस सरळ विचारायचे, तू वोर आहेस का? हो म्हटलं तर तुरुंग. नाही म्हटलं तर पदवी गेली, आणि ती गेल्यावर हातात उरलं काय? बरेचजण तुरुंगात गेले, बाकीच्यांनी देश सोडला. कुणी रशियात, कुणी ग्रीस, स्पेन, ऑस्ट्रियात. जॉर्जियाचे रस्ते मोकळे झाले आणि युरोपच्या पोलिसांचं काम वाढलं. रशियानेही २०१९ मध्ये गुन्हेगारी उतरंडीत वरचं स्थान असणं हाच स्वतंत्र गुन्हा केला, शिक्षा ८ ते १५ वर्षं.

पैशाच्या मागे लागणं याहून अवघड. स्पेनने २००८ मध्ये ‘ट्रॉयका’ नावाची मोहीम काढून सेंट पीटर्सबर्गच्या तांबोव टोळीशी संबंधित म्हणून गेनादी पेत्रोव आणि इतरांना पकडलं. आरोप होता गुन्ह्याचा पैसा स्पेनमधल्या मालमत्तेत जिरवल्याचा. तो सिद्ध करायला आधी हा पैसा गुन्ह्यातूनच आला हे दाखवावं लागतं, आणि तो गुन्हा घडला असेल रशियात, जिथली कागदपत्रं आणि साक्षीदार रशियन यंत्रणांच्या हातात. पेत्रोव दरम्यान रशियाला गेला तो परतलाच नाही. बाकीच्यांवर खटला चालला आणि २०१८ मध्ये माद्रिदच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.